टाळता येणारं अ‍ॅडमिट होणं (खान्देशातले वृद्धाश्रम)

जे दुखणं दोन दिवस आधी ओळखलं असतं तर आश्रमातच बरं झालं असतं, त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात भरती करावं लागणं, ह्याला टाळता येणारं अ‍ॅडमिट होणं म्हणतात. अंगातलं पाणी कमी होणं, लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ साठणं, शुगर खाली जाणं, बद्धकोष्ठ, झोपून झोपून पाठीला पडलेल्या जखमा, हे सगळं ह्यात येतं. हार्ट अटॅक, लकवा, खुब्याचं हाड मोडणं ह्यात येत नाही, तिथे लगेच 108 ला फोन करायचा. हे आधीच सांगतोय कारण 'भरती टाळा' म्हटलं की काही लोक 'सकाळपर्यंत बघू' असं ऐकतात आणि लकव्यात तेवढ्या वेळात सगळं हातातून जातं.

भरती टाळायची कशासाठी, तर दवाखाना म्हाताऱ्या शरीराला झेपत नाही. नवी जागा, रात्रभर लाईट, अनोळखी चेहरे, ह्याने चांगला बोलता-चालता माणूस भ्रमिष्टासारखा करायला लागतो, आठ-दहा दिवस पलंगावर काढले की पायातली ताकद जाते, आणि आश्रमातून चालत गेलेली आजी परत येते ती उचलून आणावी लागते.

खान्देशात ह्याचं सगळ्यात मोठं कारण उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो आणि वय झालं की तहान लागायचीच कमी होते, त्यात बीपीच्या गोळीत बऱ्याचदा लघवी जास्त होण्याचं औषध असतं, ते तसंच चालू राहतं. पण आज्या पाणी पीत नाहीत त्याचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, रात्री अंधारात संडासला कोण नेणार, म्हणून त्या संध्याकाळपासून तांब्याला हातच लावत नाहीत. म्हणून पाण्याचा प्रश्न हा आधी संडासाचा प्रश्न आहे असं माझं ठाम मत आहे. पलंगाजवळ कमोडची खुर्ची, वाटेवर रात्रभर बारीक लाईट आणि हाताला धरायला दांडी एवढं केलं तरी पाणी पिणं वाढतं आणि पडणंही कमी होतं. मग दर दोन तासाला माठातलं पाणी, ताक, लिंबू सरबत असं काहीतरी हातात द्यायचं, विचारायचं नाही, द्यायचं. जुलाब-उलटी असेल तर ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यातच, निम्म्या पाण्यात नाही. हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल त्यांचं पाण्याचं माप मात्र डॉक्टरांनाच विचारायचं.

दुसरं कारण गोळ्या. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, आज्यांचे उपास काही सुटत नाहीत आणि शुगरची गोळी सकाळी नेहमीसारखी दिली जाते, ग्लिमेपिराइडसारखी गोळी रिकाम्या पोटी शुगर एकदम खाली नेते, घाम, थरथर, मग बेशुद्धी. उपासाचे दिवस कॅलेंडरवर गोल करून त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही बघाव्या, उन्हाळ्यात पाणी कमी असताना त्या किडनीवर जातात.

आता ओळखायचं कसं. म्हातारपणी इन्फेक्शनला ताप येईलच असं नाही, पहिली खूण म्हणजे माणूस बदलतो. रोज भाकरी मागणारे बाबा अर्धी ठेवून उठतात, बडबडी आजी गप्प बसते किंवा दिवसभर झोपून राहते. हे डॉक्टरला दिसत नाही, रोज अंघोळ घालणाऱ्या मावशीला दिसतं. आजी म्हणते 'माले कसंतरी वाटस', बाहेरून आलेल्या डॉक्टरला ह्यातून काही कळत नाही पण अहिराणी बोलणाऱ्या मावशीला बरोबर कळतं की आज आवाज वेगळा आहे, सातपुड्याकडे तेच भिली-पावरीचं. म्हणून मावशीचं बोलणं वहीत लिहिलं गेलं पाहिजे आणि त्याच दिवशी कोणीतरी ते वाचलं पाहिजे. सोबत बीपी, नाडी, ताप, श्वास मिनिटाला किती आणि बोटावरच्या मशीनचा ऑक्सिजन, हे घ्यायला पाच मिनिटं लागतात. आकडे माणूस बरा असतानाचेही लिहून ठेवावे, नाहीतर तुलना कशाशी करणार.

इंग्लंडमध्ये 2020 पासून केअर होमला ठरलेली मेडिकल टीम जोडून दर आठवड्याला राउंड करायची पद्धत देशभर आहे. अमेरिकेत आश्रमातल्या लोकांनी माणसातला बदल लवकर ओळखून फॉर्मवर लिहावा म्हणून 'इंटरॅक्ट' नावाचा कार्यक्रम निघाला, सुरुवातीचे निकाल चांगले आले पण 2017 च्या मोठ्या चाचणीत नुसतं ट्रेनिंग देऊन भरत्या कमी झाल्या नाहीत. फॉर्म भरला पण पलीकडे निर्णय घेणारं कोणी नसेल तर रात्रपाळीची बाई घाबरून गाडीच बोलावणार, आणि तिचं त्यात काही चुकत नाही.

इथे पैसाही भरतीच्याच बाजूने वाहतो. 2024 पासून आयुष्मान भारतमध्ये 70 वर्षांवरच्या सगळ्यांना 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर, ओपीडी त्यात नाही. साध्या सल्ल्यासाठी ई-संजीवनी ह्या सरकारी ऑनलाइन सेवेवर फुकट डॉक्टर मिळतो. जवळच्या पीएचसीशी (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राशी) आठवड्याचा एक वार ठरवून घेता आला तर सोन्याहून पिवळं.

काही आजी-आजोबा स्पष्ट सांगतात की मला आता मशीनवर ठेवू नका, माझं इथेच होऊ द्या. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं. मुलांना बसवून हे बोलणं आधीच व्हावं, आणि कागदाची एक झेरॉक्स वॉर्डातल्या फाईलमध्ये असावी, कारण रात्री दोन वाजता ऑफिसच्या कपाटाची चावी मावशीकडे नसते.