पॅड मागे कोण ओढतं?

पेडल दाबलं की छोट्या मोटारीच्या पुढच्या चाकांतले पॅड फिरत्या डिस्कला दोन्हीकडून चिमटतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पेडल सोडल्यावर पॅडला ढकलणारा पिस्टन मागे कशाने येतो, असं विचारलं की हमखास उत्तर मिळतं: स्प्रिंगने. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये शूज (ड्रमला आतून घासणारे तुकडे) ओढून घेणाऱ्या स्प्रिंगा खरोखरच असतात, त्यावरून हा समज झाला असावा. पुढे पिस्टन आणि पॅड ज्या कॅलिपर नावाच्या भागात बसतात, त्यात पिस्टनला मात्र परतीची स्प्रिंग नसते. काही मॉडेलांत तारेच्या क्लिपा दिसतात, पण त्या पॅडच्या. पिस्टन परत आणते एक रबरी कडी, सील.

या सीलचा छेद गोल नसून चौकोनी असतो. ती कॅलिपरच्या आत कोरलेल्या खाचेत बसते आणि पिस्टनला घट्ट आवळून धरते. खाचेची पॅडकडची कड थोडी तिरपी तासलेली असते, सगळी करामत तिथेच आहे. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा सीलची आतली कड त्याला चिकटून पुढे जाते, बाहेरची खाचेतच राहते. रबर पिळवटतं आणि तासलेल्या जागेत झुकतं. दाब गेला की ते मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला मागे घेऊन येतं. किती? एक-दोन दशांश मिलिमीटर. डिस्क मोकळी व्हायला तेवढं पुरतं.

पॅड झिजले की पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं. रबर झुकायची मर्यादा संपते आणि पिस्टन सीलमधून थोडा घसरून पुढे जातो. परत येताना मात्र तो पूर्वीइतकाच येतो. म्हणजे गळती रोखणं, पिस्टन मागे घेणं आणि झीज भरून काढणं ही तिन्ही कामं एकच कडी करते. तीही काय दाबाखाली! पिस्टनचा व्यास ५४ मिमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे २३ चौ. सेंमी होतं; ५० बार दाबाला त्यावर सुमारे १,१५० किलोचं बल येतं.

उष्णतेने सील कडक होते. खाचेत गंजाचा थर साचला की ती पिस्टनला जास्तच आवळते. बाहेरचं धुळीचं कव्हर फाटलं की पिस्टन गंजतो. तिन्हींचा परिणाम एकच: ब्रेक लागून राहतो.

दुसरा घोटाळा नावामुळे होतो. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते बहुतेक गाड्यांत खनिज तेल नसून ग्लायकॉल ईथरवर आधारलेला द्रव असतो आणि सीलचं रबर त्यालाच मानवतं. या द्रवाच्या टाकीत चुकून थोडं इंजिन ऑइल पडलं तरी रबर फुगतं. पेडलचा दाब तेलावर देणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं रबर फुगून तेल परतायचं छिद्र झाकलं गेलं की चारही चाकं जखडतात. मग नुसतं तेल बदलून भागत नाही. इंजिन ऑइल लागलेला प्रत्येक रबरी भाग बदलावा लागतो. हा द्रव हवेतलं पाणीही शोषतो: डॉट ४ या प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५. लागून राहिलेल्या ब्रेकने डिस्क तापली की तेलात वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव जात नाही, म्हणून पेडल खाली बसतं.

लागून राहिलेलं चाक बाकीच्यांपेक्षा तापतं. ते जॅकने उचला, गाडी स्टँडवर टेकवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हाताने फिरवा. हलकं खरखरणं चालेल. जोर लावावा लागता कामा नये. लागत असेल तर कॅलिपरवरचं ब्लीडिंग निपल (तेल-हवा बाहेर सोडायचं तोंड) पाव फेरा सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब अडकून राहिला होता. तसंच घट्ट राहिलं तर पिस्टन अडकला आहे किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना. दाब अडकत असेल तर निपल बंद करून पेडल पुन्हा दाबून सोडा आणि आता रबरी होजच्या अलीकडचा, लोखंडी पाइपाचा नट सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडर किंवा पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या रॉडकडे. नाही सुटलं तर होज आतून सुजली आहे, बाहेरून कितीही नवी दिसो. यानंतर ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा बाहेर काढणं, करायलाच हवं.

पॅड बदलताना निपलला नळी लावून ते उघडा, मगच पिस्टन जी-क्लॅम्पने हळू मागे दाबा आणि क्लॅम्प सोडण्याआधी निपल बंद करा. कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने बांधा. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने त्यांची रबरं फुगतात. लाल रंगाची कॅलिपर कव्हरं आणि भोकं पाडलेल्या डिस्का यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. चाकं लॉक होईपर्यंत ब्रेक लागत असतील, तर एकदम थांबताना पुढचा प्रश्न टायरच्या पकडीचा असतो.

उलटा प्रकारही होतो. चाकाचं बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क डुगडुगत असेल तर चालत्या गाडीत डिस्कच पिस्टनला सीलच्या मर्यादेपलीकडे मागे ढकलते. पिस्टन अर्धा मिलिमीटर जास्त मागे गेला आणि मास्टर सिलिंडर २० मिमीचा असला, तर त्याच्या पिस्टनला साडेतीन मिलिमीटरहून जास्त सरकावं लागतं. पेडलची तरफ चारास एक धरली तर पेडल सुमारे १५ मिमी खाली जातं. खूण अशी: पहिल्या दाबाला पेडल खोल, लगेच दुसऱ्या दाबाला नेहमीच्या उंचीवर, आणि गाडी उभी असताना सगळं ठीक. अशा गाडीचं ब्लीडिंग पुन्हा पुन्हा केलं जातं आणि बेअरिंग तसंच राहतं.