ओला दात, कोरडा दात

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या सर्वेक्षणात १२ वर्षांच्या सुमारे ५४ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला. आकडा ऐकून आपण हळहळतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: कीड कुठपासून मोजायची?

दात एका रात्रीत किडत नाही. साखर खाऊन जिवाणू आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच; जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधले, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातले, क्षार विरघळू लागतात. गंमत अशी, की वरचा पातळ थर बराच काळ शाबूत राहतो आणि त्याच्या खालचा भाग सच्छिद्र होत जातो. खड्डा पडायला पुढे कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात. ही सुरुवातीची कीड पकडायची कशी? दात वाळवून!

भिंतीला चुना लावताना पाहिलंय? ओला असताना खालचा जुना रंग दिसत राहतो, वाळला की भिंत पांढरीशुभ्र. दाताचंही तसंच. एनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जितका फरक जास्त, तितका त्यांच्या सीमेवरून प्रकाश जास्त परततो. एनॅमल आणि पाण्याच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १ टक्का परततो, एनॅमल आणि हवेच्या सीमेवर साडेपाच टक्क्यांहून अधिक. छिद्रांत लाळ भरलेली असते तोवर दात निरोगी दिसतो. हवेचा झोत मारून पाणी उडवलं, की त्या असंख्य छिद्रांच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि खडूसारखा पांढरा डाग उमटतो.

याहून सुंदर गोष्ट म्हणजे यावरून कीड किती खोल गेली याचाही अंदाज येतो. २००२पासून आकाराला आलेल्या ‘आयसीडीएएस’ या दंतक्षय मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाच सेकंद वाळवल्यावरच दिसणाऱ्या डागाला १ हा अंक देतात; ही कीड बहुधा एनॅमलच्या बाहेरच्या भागातच असते. ओल्या दातावरही दिसणारा डाग २ क्रमांकाचा, म्हणजे अधिक खोल. हीच मोजणी पुढे ६पर्यंत, मोठ्या खड्ड्यापर्यंत जाते. कुठलाही क्ष-किरण नाही, लेझर नाही; फक्त हवा, उजेड आणि सराव झालेले डोळे.

सर्वेक्षणात मात्र शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडून, शेकडो मुलं तपासायची असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत साधी आहे: आरसा आणि टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेला प्रोब, म्हणजे दात चाचपायची बारीक सळई. अणकुचीदार टोक टोचून पाहण्याची जुनी रीत मागे पडली, कारण त्या टोचण्यानेच वरचा शाबूत थर फुटू शकतो. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात मोजायचे, हा १९३८चा निर्देशांक आजही वापरात आहे. त्यात पांढऱ्या डागाचा दात ‘निरोगी’ म्हणून नोंदला जातो. म्हणजे एकच मूल एका पद्धतीत आजारी, दुसऱ्या पद्धतीत ठणठणीत.

‘कीड’ हा शब्दच आपल्याला फसवतो. खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देऊन दातातले ‘किडे’ पाडून दाखवणारे लोक अजून भेटतात. ते पांढरे धागे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले अंकुर असतात. दातात अळी नसते, आणि त्या धुरीने वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

मला खरी खंत वाटते ती पांढऱ्या डागांची. फ्लोराइडची पेस्ट आणि गोडावर नियंत्रण, एवढ्यावर जी कीड थांबू शकते, कधी मागेही फिरू शकते, नेमकी तीच तक्त्यातून निसटते. शाळेत हवेचा पंप नेणं अवघड, हे मान्य. पण कापसाने किंवा गॉझने दात टिपून घेता येतो. तेवढ्याने १ आणि २ वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून अशा ठिकाणी दोन्ही एकत्र नोंदवण्याची सोय आयसीडीएएसमध्येच करून ठेवलेली आहे.