व्हायोलिनची तालीम, व्हायोलिनचे वर्ग आणि चार तारांचा जुना वाद

हिंदुस्थानी व्हायोलिनच्या ज्या 'पारंपरिक' तालमीचा आज हवाला दिला जातो, तिचं वय जेमतेम शंभर वर्षं. दक्षिणेत हे वाद्य अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत इंग्रजांच्या बँडवाल्यांकडून उचललं गेलं आणि गाण्याच्या साथीला कायमचं बसलं. गोव्यात पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांकडून आधी सोल्फा (डो-रे-मी ही स्वरनामं) घोकून घेत. मुंबई-पुण्यात रागसंगीताच्या व्हायोलिनला भाव आला तो मात्र १९३०-४० च्या सुमारास. तोही बऱ्याच अंशी मुळात गवई असलेल्या मंडळींमुळे. गळ्यावर चढलेली बंदिश तारेवर उतरवायची, हीच त्यांची पद्धत. शिष्यालाही आधी गायला लावत. शब्द जिथे सुटतो तिथे गजाची (तारेवर फिरवायच्या काठीची) दिशा बदलायची, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं, एकाच बोटाने घसरत घ्यायची. मांडी घालून उजवा पाय थोडा पुढे काढायचा आणि वाद्याचं टोक घोट्यावर टेकवायचं, म्हणजे डावा हात वाद्य पेलायच्या कामातून सुटतो आणि मोकळा घसरतो. खांदा-हनुवटीत वाद्य धरून उभ्याने वाजवणाऱ्याला ही मोकळीक वेगळी कमवावी लागते.

रेडिओने या वाद्याला मोठा हात दिला. १९४० पासून तीनेक दशकं पेटीला तिथे बंदी होती. परदेशी, ठरावीक सुरांची, मींड न येणारी, असे आक्षेप. व्हायोलिनही परदेशीच, पण त्याला कोणी हटकलं नाही.

परीक्षांचा प्रवाह याला समांतर वाहत होता. १९०१ मध्ये लाहोरला निघालेल्या संगीतशाळेच्या शिष्यांनी १९३१ मध्ये जे मंडळ उभारलं, त्याच्या प्रारंभिक ते अलंकार या पायऱ्यांमुळे तालुक्याच्या गावातली मुलंही व्हायोलिन शिकू लागली. हा उपकार लहान नाही. पण ठरलेले राग, ठरलेल्या ताना आणि वर्षाच्या शेवटी परीक्षक, या चौकटीत एक प्रश्न लोंबकळत राहिला: तारा कशा मिळवायच्या?

विलायती रिवाजाने चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लागतात. जाडीकडून दुसरी तार षड्ज धरली, तर म-सा-प-रे असा मेळ मिळतो. दुसरा पक्ष म्हणतो, मधल्या दोन तारा राहू द्या, सर्वांत जाड तार एक स्वर चढवा आणि सर्वांत बारीक एक स्वर उतरवा, झालं प-सा-प-सा. कर्नाटकी सा-प-सा-प याच कुळातलं. पहिल्या मेळात मंद्र (खालच्या सप्तकातला) मध्यम मिळतो आणि वरच्या सप्तकात हात कमी सरकवावा लागतो. पण रिषभाची मोकळी तार शुद्धच बोलणार. भैरव किंवा तोडी वाजवताना गज चुकून तिला लागला, की कोमल रिषभाची सगळी मेहनत पाण्यात. दुसऱ्या मेळात मोकळ्या तारा तानपुऱ्याचेच सूर बोलतात, आणि मंद्र पंचमाच्या तारेवर बसलेली बोटं मध्य पंचमाच्या तारेवर जशीच्या तशी चालतात. मालकंसात रिषभही नाही आणि पंचमही, त्यामुळे तिथे मात्र दोघांच्याही दोन-दोन तारा मोकळ्या वाजवायची सोय जाते, तिथे कोणी मिशीवर ताव देऊ नये. माझा कल प-सा-प-साकडे आहे, कारण कान तयार होण्याच्या वर्षांत षड्ज-पंचम सतत कानावर पडणं हीच अर्धी तालीम.

वर्गांनी निवड केली ती बहुतेकदा सोयीने. दुकानातून आलेलं वाद्य पंचमांत लागतं, मोबाइलवरचा ट्यूनर जी-डी-ए-ई, म्हणजे तोच विलायती मेळ, दाखवतो, पुस्तकातले पलटेही (सरावाचे स्वरक्रम) त्याच मेळावर बसवलेले. दहा-बारा मुलांच्या तारा दर वेळी बदलून मिळवण्यात तास संपेल, ही शिक्षकाची अडचण खोटी नाही.

पाश्चात्त्य शिक्षणाची वाट फिल्मी स्टुडिओंतून गेली. नोटेशन वाचून पहिल्या टेकला वाजवणाऱ्या गोवेकर वादकांवर हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद कित्येक दशकं चालले. सिंथेसायझर आल्यावर ती कामं आटली आणि काहींनी शिकवण्या धरल्या. पुढे २००६ मध्ये मुंबईत व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला, त्यात कझाकस्तानचे वादक आले, आणि मुलांसाठी रशियन धर्तीचं शिक्षणही सुरू झालं. लंडनच्या ग्रेड परीक्षा शहरांत होत्याच.

'आधुनिक' म्हणून पालकांना आवडणारी जपानी पद्धत तर कागद बाजूला ठेवून ऐकून-ऐकून शिकवते, आईला तासाला बसवते, तीच धून महिनोन्‌महिने घोटून घेते. जुन्या बुवांना यात नवं काही दिसलं नसतं. फिंगरबोर्डावर रंगीत पट्ट्या चिकटवणं मात्र त्यांनी खपवून घेतलं नसतं. पट्टी गंधाराची एकच जागा दाखवते, आणि दरबारीतला गंधार त्या जागेवर थांबत नाही.

ऑनलाइन तासांनी आणखी एक पेच आणला. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे गुरूबरोबर एकत्र वाजवणं बंद झालं. तालमीचा मोठा भाग तोच होता. आता शिष्य रेकॉर्डिंग पाठवतो आणि उत्तरात सूचना येतात. दोन्ही संगीतं शिकणाऱ्या ज्या मुलांना परवडतं, ती दोन व्हायोलिनं बाळगतात, एकेका मेळात लावलेली. बाकीची दर तासाआधी खुंट्या पिळतात, आणि सगळ्यात बारीक तार वरचेवर तुटते.