काटोलचा दगड आणि पायाखालचं खनिज

आमच्या कॉलनीतले एक काका मागच्या महिन्यात कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत पेपरात गुंडाळलेला मुठीएवढा काळा दगड होता. काटोलकडे साळ्याच्या वावरात, संत्र्याच्या झाडाखाली सापडलेला. "हा आभाळातून पडला म्हणते. पाहा बरं, खरं आहे का?"

फ्रिजवरचं चुंबक काढून दगडाला लावलं, तर किंचित ओढल्यासारखं झालं. काकांचा चेहरा खुलला. मग भिंग घेऊन बघितलं. दगडावर बारीक भोकं होती आणि त्यातल्या काहींत पांढरं काहीतरी भरलेलं. तिथेच निकाल लागला. आभाळातून आलेल्या दगडात असे बुडबुडे जवळजवळ कधीच नसतात. हा आपला इथलाच बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वायूचे बुडबुडे थिजून भोकं राहिली, त्यात नंतर पांढरी खनिजं साचली. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकाला ओढणाऱ्या लोहखनिजाचे कण असतात, म्हणून चुंबकही थोडं फसतं.

काका हिरमुसले, पण त्यांची शंका काही वेड्यासारखी नव्हती. 22 मे 2012 रोजी भर दुपारी, दोनच्या सुमारास, काटोलवर खरोखरच दगड पडले होते. मे महिन्यातली नागपूरकडची दुपार म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नाही, घराघरात कूलरची घरघर. त्या सामसुमीत आभाळात मोठा धमाका झाला आणि काटोलच्या आसपास काळे तुकडे विखुरले.

आकाशात जळताना दिसते ती उल्का आणि जमिनीवर हाती लागतो तो अशनी, हा फरक आपण बोलताना विसरतो. आणखी एक गैरसमज म्हणजे असा दगड आगीच्या गोळ्यासारखा धगधगत येऊन पडतो. सेकंदाला अकरा किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने तो वातावरणात घुसतो. त्याच्यापुढची हवा इतकी दाबली जाते की तापून प्रकाशू लागते आणि दगडाचं वरचं आवरण वितळून उडून जातं. पण हे सगळं काही सेकंदांचं काम. उष्णता आत शिरायला सवडच मिळत नाही. उरते ती वितळून थिजलेली काळी साल, बहुधा एका मिलिमीटरपेक्षाही पातळ. आतला दगड राखाडी आणि अवकाशातून येताना होता तसाच गार.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही अशनींची सरकारी राखणदार संस्था, आणि तिचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सवर. काटोलचा दगड निघाला एल-6 प्रकारचा. एल म्हणजे लोहाचं प्रमाण कमी असलेला गट. सहा हा आकडा सांगतो की मूळच्या लघुग्रहाच्या पोटात हा दगड बराच काळ चांगला भाजून निघाला, इतका की त्यातले आदिम गोल कण पुसट झाले. हे दगड मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले, आणि त्यांचं वय सूर्यमालेइतकं, म्हणजे साधारण साडेचारशे कोटी वर्षं. असे दगड जगभरातल्या संग्रहालयांत भरपूर आहेत. काटोलचा तेवढ्यावरच राहिला असता तर कदाचित मीही हा लेख लिहिला नसता.

खरी गंमत त्याच्या आतल्या काळ्या शिरांमध्ये होती. कधीतरी त्या लघुग्रहावर दुसरं काहीतरी जोरात आदळलं. धक्क्याची लाट दगडातून गेली तेव्हा काही बारीक फटींमध्ये दगड क्षणभर वितळला आणि लगेच थिजला. खरगपूर आयआयटीचे सुजॉय घोष आणि सहकाऱ्यांनी या शिरा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. 2021 मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यात ब्रिजमनाइट आहे.

हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, आणि मला त्याचीच मौज वाटते. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा साधारण 38 टक्के भाग या एका खनिजाचा आहे. आपल्या पायाखाली सुमारे 660 किलोमीटरवर ते सुरू होतं आणि जवळपास गाभ्यापर्यंत, म्हणजे 2,900 किलोमीटरच्या आसपास, पसरलेलं आहे. तरीही 2014 पर्यंत त्याला अधिकृत नाव नव्हतं. नियम असा की नैसर्गिक नमुना तपासल्याशिवाय खनिजाचं बारसं होत नाही. नमुना आणणार कुठून? माणसाने पाडलेलं सर्वात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, तेही बारा किलोमीटरपेक्षा थोडंच जास्त खोल. ज्वालामुखीही कामाचा नाही, कारण वर येता येता दाब उतरला की ब्रिजमनाइट आपलं रूपच बदलतं. शेवटी ऑस्ट्रेलियात 1879 साली पडलेल्या एका अशनीत ते सापडलं आणि उच्च दाबावरच्या संशोधनासाठी 1946 चं नोबेल मिळवणाऱ्या पर्सी ब्रिजमन यांचं नाव त्याला मिळालं.

मग काटोलचं वेगळेपण काय? आधी मिळालेल्या नमुन्यांची घडण पृथ्वीच्या पोटात अपेक्षित असलेल्या ब्रिजमनाइटशी नीट जुळत नव्हती. काटोलच्या ब्रिजमनाइटमध्ये लोह आणि ॲल्युमिनियम दोन्ही होते, आणि प्रयोगशाळांत गेली तीसेक वर्षं जे खनिज मुद्दाम घडवलं जात होतं त्याच्याशी ते छान जुळलं. ते तयार व्हायला सुमारे 23 ते 25 गिगापास्कल दाब लागला असणार, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या सव्वादोन ते अडीच लाख पट. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की तो आहे तिथेच गोळी होऊन बसतो. त्या शिरांचंही तसंच झालं. चहूबाजूंनी गार दगड, मधे केसासारखी वितळलेली रेघ. खनिजाला रूप बदलायला वेळच मिळाला नाही.

अजून एक बारकावा. या ब्रिजमनाइटमधलं सुमारे 69 टक्के लोह गंजातल्या लोहासारखं, जास्त ऑक्सिडीकरण झालेल्या अवस्थेत होतं. शेजारच्याच मेजोराइट या खनिजात ते प्रमाण 37 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रचंड दाबाखाली ब्रिजमनाइट असं लोह स्वतःकडे ओढून घेतं, हा प्रयोगशाळेतला अंदाज निसर्गातही खरा ठरला. आपली पृथ्वी जन्मानंतर वितळलेल्या दगडाचा समुद्र होती. तो समुद्र थिजताना खाली काय घडत गेलं असेल, त्याची एक छोटी प्रतिकृती काटोलच्या त्या रेघेत आहे.

काकांना हे सांगत होतो तेव्हा त्यांनी मधेच 2022 चा पाडवा काढला. "अन् ते पाडव्याच्या संध्याकाळी दिसलं होतं, ते?" 2 एप्रिलला आकाशात सरकत गेलेल्या त्या पेटत्या रेघा विदर्भात पुष्कळांनी पाहिल्या. तो मात्र चिनी रॉकेटचा उरलेला टप्पा असल्याचं अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्यांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी सापडली ती त्याच संध्याकाळी. ओळखायची खूण सोपी आहे: उल्का डोळ्याची पापणी लवते तोवर विझते, कक्षेतून घसरणारं यान मात्र सेकंदाला आठेक किलोमीटरने, जवळजवळ आडवं येतं आणि कितीतरी वेळ तुकडे गाळत जातं.

"मंग काटोलचे तुकडे अजून राह्यले असतील का वावरात?"

असतीलही. पण इतके पावसाळे उलटले. त्यातल्या लोखंडाच्या कणांना गंज चढला असेल, काळी साल तपकिरी झाली असेल, आणि काळ्या मातीने एकदा गिळलेलं लवकर वर येत नाही. ओळखायचं तर हातात आकारमानापेक्षा जड लागायला हवं, भोकं नकोत, एखादा कोपरा घासला की आत चकाकणारे धातूचे कण दिसायला हवेत आणि चुंबक नुसतं ओढलं न जाता टचकन चिकटायला हवं.

काकांनी आपला बेसॉल्ट पिशवीत परत ठेवला. जाताना फ्रिजवरचं चुंबकही घेऊन गेले. रविवारी काटोलला जाणार आहेत म्हणे.