आयटूसी बस : लिनक्समधील व्यवस्था व किनारपट्टीवरील बिघाड

मोबाइलच्या बोर्डावर प्रोसेसर आणि टच, चार्जिंग, बॅटरीमापक, होकायंत्र यांसारख्या लहान चिप यांच्यात दोन तारांवरून एकेक बिट नेणारी जोडणी. एसडीए तारेवरून माहिती जाते, एससीएल तारेवरून घड्याळाचे ठोके. चिप तार फक्त खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढते. वर, म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे आणण्याचे काम पुल-अप रेझिस्टरचे.

उगम : ही बस फिलिप्स कंपनीची. सालाबाबत एकमत नाही. बहुतेक संदर्भ १९८२ देतात, काही नुसतेच ऐंशीच्या दशकाचा आरंभ म्हणतात. १९९२ हे तपशीलपत्राच्या १.० आवृत्तीचे साल असून त्याला जन्मसाल मानता येत नाही. त्या आवृत्तीत ४०० किलोहर्ट्झचा वेग आला, पण सॉफ्टवेअरने चिपचा पत्ता (बसवरील तिचा ओळखक्रमांक) ठरवण्याची आधीची सोय गाळली गेली. म्हणजे बस त्यापूर्वीच रुळलेली होती. १९८२ अधिक ग्राह्य वाटते. लिनक्समधील आरंभही नेमका सांगणे अवघड आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या मुख्य भागाच्या) मूळ फाइलींवर सायमन फोग्ल यांची १९९५–९९ अशी स्वामित्वनोंद आहे. २००१ च्या २.४ कर्नलमध्ये ही उपप्रणाली समाविष्ट होती.

रचना : बस चालवणारा अडॅप्टर ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम), प्रत्येक चिपचा स्वतंत्र ड्रायव्हर आणि दोहोंमधला गाभा असे तीन थर. कोणती चिप कोणत्या पत्त्यावर आहे, हे डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावरील हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलीतून) कळते. अँड्रॉइडमध्येही हीच व्यवस्था आहे.

त्रुटिसंकेत : कर्नलच्या नोंदी वाचायला बहुधा रूट (फोनवरचा पूर्ण अधिकार) लागते. वजा ६ म्हणजे त्या पत्त्यावर कोणी उत्तर दिले नाही. बाकीच्या चिप बोलत असतील तर तारा ठीक आहेत. त्या चिपचा वीजपुरवठा व टाके पाहावेत. वजा ११० म्हणजे वेळ संपली. बसवरच्या सगळ्याच चिपना तो येत असेल तर दोष तारांत शोधावा. वजा ११ म्हणजे बसचा ताबा गेला. एकच नियंत्रक असलेल्या बसवर हा संकेत आला तर एसडीए कुठेतरी खाली ओढली जात आहे. काही ड्रायव्हर मात्र वेगळे आकडे देतात, म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नये.

वाचन अर्धवट असताना प्रोसेसर रीसेट झाला तर चिप एसडीए खालीच धरून बसते. अशा वेळी कर्नल एससीएलवर कमाल ९ ठोके देतो : ८ बिटचे आणि १ पोचेचा. एससीएलच अडकली असेल तर हा उपाय चालत नाही. चिपचा पुरवठा तोडावा लागतो.

कोकणात : मिरकरवाडा, हर्णै, मालवणसारख्या बंदरांत होडीवर वापरलेल्या फोनमध्ये खारी ओल शिरते. दुकानदार ज्याला कार्बन म्हणतात तो थर तारेपासून ग्राउंडपर्यंत (शून्य व्होल्टपर्यंत) विजेची गळती करतो. १.८ व्होल्टची बस, ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि १० किलोओहमची गळती धरली, तर तार १.२२ व्होल्टवर थांबते. 'वर' मानण्यासाठी पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे १.२६ व्होल्ट लागतात. २.२ किलोओहमचा पुल-अप असता तर तीच तार १.४८ व्होल्टवर राहिली असती. त्यामुळे एकाच ओलीने एका फोनचा टच जातो, दुसऱ्याचा जात नाही. बस शांत असताना दोन्ही तारांवर व्होल्टेज मोजणे ही पहिली तपासणी.

सफाईआधी बॅटरी काढावी. मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, आणि नेमके इथेच काम फसते : अल्कोहोल उडून जाते, मीठ शील्डखाली (चिपवरच्या धातूच्या झाकणाखाली) तसेच राहते आणि पावसाळ्यात पुन्हा ओल धरते. म्हणून शील्ड काढून बोर्ड आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवावा, मग ९९ टक्के अल्कोहोलने पाणी हटवावे आणि पूर्ण वाळवूनच वीज द्यावी. तरीही तार खाली राहिली तर त्या बसवरच्या चिप एकेक उचलून पाहाव्या लागतात.

पुढील जोडणी : मोबाइलमधील जोडण्यांची मानके ठरवणाऱ्या मिपी संघटनेची आयथ्रीसी लिनक्समध्ये ५.० आवृत्तीपासून (२०१९) आहे. तिच्यावर अनेक जुन्या आयटूसी चिप चालतात, मात्र घड्याळ रोखून धरणाऱ्या (एससीएल खाली धरून प्रोसेसरला थांबवणाऱ्या) चिप चालत नाहीत.