मिठाला पाणी सुटते तेव्हा

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या खाली, जमिनीपासून सुमारे 350 मीटर खोलीवर, मिठाची मोठी खाण आहे आणि तिथले मीठ मुख्यतः हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकायला उपसले जाते. ज्या शहराने मोटार घराघरांत पोहोचवली, त्याच्याच पोटात मोटारी खाणारे मीठ असावे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. न्यू हॅम्पशायर राज्याने 1938 साली रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रयोग सुरू केले. आज अमेरिकेत वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ या कामी येते. डेट्रॉइटच्या मिशिगन राज्यात किंवा शेजारी कॅनडातील ओंटारिओत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात कळते की, गाडीवर चढलेली पांढरी पूड ही धूळ नव्हे. ती कुठून आणि केव्हा धुवायची, हे मात्र बऱ्याचदा पत्रा खाल्ला गेल्यावर कळते.

बर्फात मीठ का घालतात, हे ज्यांनी लहानपणी आइस्क्रीमच्या पॉटचा दांडा फिरवला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो. वजनाने सुमारे 23 टक्के मीठ असलेले पाणी उणे 21 अंश सेल्सिअसपर्यंत द्रवच राहते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे 10 अंशांच्या आसपासच साध्या मिठाचे काम फार मंदावते, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. रस्ता मोकळा होतो, पण जे पाणी एरवी गोठून गप्प पडले असते तेच आता खारट द्रव होऊन चाकांबरोबर उडते आणि गाडीच्या पोटाशी सांदीकोपऱ्यांत जाऊन बसते.

लोखंड गंजते तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर जणू लहानशी बॅटरी चालू असते. एका ठिकाणी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात, दुसऱ्या ठिकाणी ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आणि पाणी मिळून स्वीकारतात, आणि हे मंडल पुरे होण्यासाठी मधल्या पाण्यातून विद्युतभार वाहावा लागतो. शुद्ध पाणी या कामी कच्चे असते. मिठाचे पाणी फार पक्के. केंब्रिज विद्यापीठातील युलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे एका थेंबात दाखवून दिले. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्यात रंग बदलणारी दोन रसायने मिसळायची, एवढाच तो प्रयोग आहे. काही वेळाने थेंबाचा मधला भाग निळा होतो आणि कडेला गुलाबी कडे उमटते. निळा रंग लोह विरघळत असल्याची खूण, तर गुलाबी रंग ऑक्सिजन वापरला जाऊन पाणी अल्कधर्मी झाल्याची. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो, आणि धातू खाल्ला जातो तो नेमका मध्यभागी.

हा थेंब समजला की गाडी नेमकी कुठे सडते तेही समजते. वाऱ्यावर उघडा असलेला पत्रा वरवर तांबूस होतो. भोक पडते ते मडगार्डच्या आत साचलेल्या चिखलाच्या थराखाली, दरवाजाच्या तळाशी दोन पत्रे दुमडून जोडलेल्या कडेत, किंवा दरवाजांच्या खालच्या आडव्या पट्टीत, म्हणजे गॅरेजवाले जिला रॉकर पॅनल म्हणतात तिथे. या पट्टीवर रंगाखाली मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा दिसला, तर स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच दाबून पाहावे. पुष्कळदा ते सहज आत जाते आणि ओलसर तपकिरी खपल्या गळून पडतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. असा फोड वरून घासून, लांबी भरून, रंगवून टाकला तर गाडी विकताना बरी दिसेल, एवढेच.

आता बरणीतल्या मिठाकडे वळू. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, कारण हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच त्यात विरघळते. त्याखाली ते कोरडे राहते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड मात्र 30 ते 35 टक्के आर्द्रतेलाच ओले होतात. म्हणजे यांचा थर बसलेली गाडी वरकरणी वाळलेली दिसली, तरी थराखालचा पत्रा आठवडेच्या आठवडे ओला असू शकतो. कडक थंडीत ही अभिक्रिया रेंगाळते; ढोबळ हिशेबाने तापमान 10 अंशांनी वाढले की तिचा वेग दुपटीच्या आसपास जातो. त्यामुळे जानेवारीतल्या उणे 15 अंशांच्या दिवसापेक्षा मार्चमधला दमट, उबदार दिवस गाडीला जास्त महाग पडतो. बर्फाने माखलेली गाडी रोज उबदार गॅरेजमध्ये आणून लावणे हीदेखील मोठी कृपा नव्हे; बर्फ वितळतो, मीठ ओले होते आणि रात्रभर उबेत आपले काम करत राहते. गॅरेजमध्ये गाडी लावायचीच असेल तर तिथली हवा कोरडी आणि खेळती हवी.

धुण्याची वेळ यावरूनच ठरते. थंडीची लाट ओसरून तापमान शून्याच्या वर जाईल त्या दिवशी, दुपारी, गाडी धुवावी, म्हणजे रात्री पुन्हा गोठण्याआधी ती वाळते. मीठ पडत असलेल्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांतून एकदा हे केले तरी पुष्कळ होते. बोनेट आणि छत चकचकीत करण्यात लोक वेळ घालवतात, पण मीठ असते खाली. पाण्याचा मारा प्रथम मडगार्डच्या आतून, मग रॉकर पॅनलच्या मागून आणि चॅसीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवर करावा आणि चिखलाचे गोळे निघेपर्यंत थांबावे. थरावर कोरडे फडके फिरवू नये, कारण त्यातले खडे रंगावर ओरखडे काढतात. गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतल्यास काच तडकू शकते. शेवटी दरवाजे उघडून त्यांचे रबर कोरडे पुसावे. नाही तर सकाळी दरवाजा चौकटीला चिकटून बसतो आणि ओढाताणीत रबर फाटते.

कारखान्याने दिलेली संरक्षणेही कमी नाहीत. आजच्या बहुतेक गाड्यांचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आणि रंगाला ओरखडा गेला तरी जस्त आधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. त्यावर, सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने आतल्या पोकळ्यांतही थर बसवला जातो. दगडाने उडालेला टवका या दोन्ही थरांच्या पार गेला की मात्र तिथे इव्हान्सचा थेंब बसायला जागा होते; असे टवके हिवाळ्यापूर्वीच रंगाने बुजवावेत. कॅनडात दर शरद ऋतूत गाडीच्या पोटाला आणि पोकळ्यांना तेलाची फवारणी करून घेण्याची पद्धत आहे. ती मळकट असली तरी सयुक्तिक आहे, कारण तेल सांध्यांत झिरपते आणि पाण्याला तिथून हुसकावते. विद्युत प्रवाहाने गंज रोखणारी म्हणून विकली जाणारी छोटी उपकरणे मात्र मला पटत नाहीत. जहाज किंवा जमिनीतली पाइपलाइन अखंड ओल्या माध्यमात असते, म्हणून तिथे ती युक्ती चालते; गाडीभोवती असते हवा, आणि हवेतून ते मंडल पुरे होत नाही.

सर्वांत महत्त्वाची धुलाई एप्रिलमधली, रस्त्यांवरचे मीठ पावसाने वाहून गेल्यानंतरची. दरवाजांच्या आणि रॉकर पॅनलच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बोटाच्या पेराएवढी भोके असतात आणि हिवाळ्याभरात ती चिखलाने बुजतात. गुडघे टेकून, प्लास्टिकच्या काडीने ती एकेक मोकळी करावीत. आधी करडा गाळ येतो, मग गढूळ पाणी. पाणी स्वच्छ येऊ लागेपर्यंत नळी आत धरून ठेवावी.