वाकडा विचार (विचारविकृती)

वाकडा विचार म्हणजे घडलं एक आणि डोक्यात त्याचा भलताच अर्थ पक्का बसला. हा वेडेपणा नाही, चांगल्या कर्त्या माणसालाही होतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ डॉ. अ‍ॅरन बेक यांनी डिप्रेशनच्या पेशंटमध्ये तो दाखवला, मारामारीशी त्याचं नातं पुढं कळत गेलं.

विदर्भात हे बघायचं तर धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर जावं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वळताना नांगरटीचं एक तास (चर) इकडं घुसलं, ड्रायव्हर भाड्याचा, त्याला धुरा कुठं ते ठाऊकच नाही, पण शेतमालकाच्या मनात पहिलं येतं, "मुद्दामच केलं त्यानं, मले दाबाले पाहते". मग रात्रभर तेच घोळतं, मागच्या पोळ्यात त्याची बैलजोडी आपल्यापुढं उभी होती तेही आठवतं आणि सकाळी चहा न घेताच हा काठी घेऊन निघतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये शाळकरी मुलांवर हेच तपासलं. मुलाचं जुळवत आणलेलं कोडं दुसऱ्यानं बिघडवलं, पण मुद्दाम की चुकून ते कळू दिलं नाही, तेव्हा मारकुट्या पोरांनी ते मुद्दामच धरलं. घरात मार खाल्लेल्या लेकरांत ही सवय जास्त दिसते, हे त्यांच्याच १९९० च्या अभ्यासात आलं. अर्थात धुरा खरंच कोरणारेही असतात, प्रत्येक संशय वाकडा नसतो, आणि असा विचार करणारा प्रत्येकजण हातही उचलत नाही.

मारल्यानंतरचा विचार त्याहून घातक. "त्यानं तोंड चालवलं म्हणून", "दोनच त मारल्या" असं म्हटलं की मन मोकळं, दुसऱ्यांदा हात लवकर उठतो. अशा सबबी सायक्स आणि माट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच मांडल्या होत्या. बायकोला मारणारा तर "घरातली गोष्ट हाये" म्हणतो आणि गावही ते भांडणात धरत नाही, हे फार वाईट आहे.

हा विचार बदलता येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गिब्स आणि सहकाऱ्यांच्या इक्विप कार्यक्रमात बिघडलेली पोरं गटात बसून एकमेकांच्या सबबी पकडतात. आपल्याकडं २००७ पासून तंटामुक्त गाव समित्या आहेत, त्यात एखादा समजदार म्हातारा असला तर मोजणीचं नंतर काढतो, आधी विचारतो, "ट्रॅक्टर चालवत कोन होतं, बावा?"